डाव्या खांद्यामागे

"मूठ मिटा, बाई," सहदेव म्हणाला.

वनमालाबाईंनी युकुलेलेच्या मानेभोवती मूठ मिटली. बोटं अंगठ्याला टेकेनात.

अशी तीन होती सहदेवच्या वाद्यांच्या दुकानात. माहुलला तेलाचा कारखाना उभारायला आलेल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना सहदेवला विकलेली. चार तारांची, गिटारची पिल्लंच जणू. हातात होतं ते सगळ्यांत मोठं. सहदेवने त्याच्या तारा बाईंच्या षड्जात लावल्या होत्या. सूर भरून येत होता.

"केवढी हो तार ही?"

"दोन वीत."

बाईंनी आपली वीत लावली. अडीच भरली.

"तुमच्या विती तुम्हांलाच लखलाभ," त्या म्हणाल्या आणि ते मागच्या बाकावर ठेवलं. "मधलं?"

"मधल्याची दोन्हीकडून तक्रार. हात पुरत नाय, सूर पण नाय. ह्या धाकटा बघा."

धाकटं मुठीत बसलं. बाईंना जरा हसू आलं. उद्यापासून मुलुंडच्या राममंदिरात सात दिवस त्यांचं कीर्तन होतं, आणि सुराला काहीतरी हवंच होतं. पंचवीस वर्षं त्या पुढे उभ्या राहत आणि डाव्या खांद्यामागे, एक पाऊल सोडून, गळ्यात वीणा घेतलेले त्यांचे यजमान श्यामकांत. बाईंनी ध्रुपदाची ओळ संपवून मान किंचित डावीकडे वळवली, की ते ती उचलत. त्यांचं वर्षश्राद्ध परवाच झालं. वीणा खुंटीला होती. बाईंना ती पेलत नव्हती.

सहदेवने धाकट्याच्या तारा बाईंच्या षड्जात उतरवल्या, तर सैल पडून फरफरायला लागल्या.

"तार आखूड, तुमचो सूर खालचो," सहदेव म्हणाला. "पट्टी चढवा, बाई. दोन स्वर वर घ्या. कोणाक कळताहा?"

"पट्टी ह्यांनी धरून दिलेली. मी कशी चढवू?"

तरी सहदेवने पिरगाळून तारा वर नेल्या. बाईंनी त्या छेडल्या, डोळे मिटले. पण गळा सवयीने खाली आपल्या जागी उतरला. तारा एकीकडे, बाई एकीकडे. त्यांनी हात थांबवला आणि नुसत्याच गायल्या. ओळ संपली. मान डावीकडे वळली.

तिथे बाक होता.

बाकावरच्या मोठ्या युकुलेलेची तार बारीक घुमत होती.

"कोणी छेडली?"

"कोणी नाय," सहदेव हळूच म्हणाला. "तुमच्या सुराक बोलली ती."

ती पुरती विझेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग हातातलं धाकटं त्यांनी फळीवर ठेवलं.

"ते मोठं बांधून द्या."

"अहो, पण हात पुरत नाय ना तुमचो!"

"मला कुठे धरायचंय?" बाई म्हणाल्या. "मागे ठेवीन."