पुठ्ठ्याची मागची बाजू

"बुडायला लागल्यावर अक्कल चालत नाही. कधी हलायचं ते आधीच लिहून ठेवावं," असं शेअर बाजारात ऑप्शन विकणारा तो बायकोला नेहमी ऐकवायचा. स्क्रीनजवळच्या पुठ्ठ्यावर, जुन्या खोडलेल्या आकड्यांखाली, आज त्याने लिहिलं होतं: भाव चढून दोनशे चाळीसला गेला की तोटा घेऊन सौद्यातून उठायचं. "मी काहीही म्हणालो तरी तू हाक मार."

दोनशे चाळीसला तिने हाक मारली. "थांब गं, येईल खाली," म्हणत त्याने आकडा खोडून दोनशे सत्तर लिहिला. मग तीनशे.

तीनशेला ती दारात आली. "अहो, आता तरी."

"घर गहाण टाकलंय मी यात!" तो खेकसला. "तोटा घेऊन उठू?" आणि त्याने तीनशे तीस लिहिला.

तीनशे तीसला हाक आलीच नाही. नवा आकडा लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून त्याने पुठ्ठा उलटला. मागे तिचं अक्षर होतं.

'माझं सोनं गेलं की निघायचं.' खोडलेलं.

'लेकीच्या कॉलेजचे पैसे गेले की निघायचं.' खोडलेलं.

'घर गहाण पडलं की लेकीला घेऊन निघायचं.'

ही ओळ खोडलेली नव्हती.