धुक्यातलं भूत

परळच्या स्टुडिओत श्यामकांतसाहेबांचा भुताचा सिनेमा चालला होता. पडद्यावर रंगवलेला किल्ला इतका भिकार, की घाबरवायचं सगळं काम धुक्यावर सोपवलेलं. घमेल्यांत धूप आणि नारळाची सोडणं पेटवली, की झालं धुकं. त्यातून भूत निघालं, की गावकरणींनी किंचाळत पळायचं.

गावकरीण झालेली लालबागची सुभद्रा मात्र तीनदा शॉट घेतला, तरी तिन्ही वेळा भुताकडेच धावली.

"ए बाई, भीती म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला?" साहेब खेकसले.

"आमचे हे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात गेले. अश्रुधुरात शिरले, ते आठ दिवस झाले, घरी नाहीत," सुभद्रा म्हणाली. "तुमच्या धुरातून निदान भूत तरी बाहेर येतं."