नाव घ्यावं लागतं

दुपार कलली तरी प्रभाकरराव आंबे घेऊन आले नाहीत, तेव्हा मंगलाबाईंनी शेवटी तो फोन हातात घेतला.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रसाला आंबे हवेत म्हणून ते सकाळी चहा पिऊनच लुना काढून मंडीत गेले होते. मंडी काही दिल्लीला नाही. सिंधीपुऱ्यातून निघालं की गेलं आणि आलं. शेजारचे सगळे दापोऱ्याला लग्नाला गेलेले, गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं, आणि बाहेर असं ऊन की बघवत नव्हतं. त्यात माणूस सत्तरीचा. जिवाला घोर लागणार नाही तर काय होईल?

फोन नवा होता, मुलाने, गोटूने पुण्याहून पाठवलेला. त्याला आकड्यांची बटणं नव्हती. मंगलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, काचेवरची अक्षरं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. म्हणून नात पूजा दिवाळीत शिकवून गेली होती की आजी, बाजूची कळ दाबून धरायची आणि ज्याला लावायचा त्याचं नाव घ्यायचं, बस. नंबर मात्र प्रभाकररावांनी स्वतः भरले होते. स्वतःचाही भरला, स्वतःच्या नावाने. आता कशी घेत नाहीस बघतो, म्हणून किती हसले होते त्या दिवशी. म्हाताऱ्याला भारी हौस. उखाणा सोडला तर मंगलाबाईंनी लग्नापासून ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं, आणि ते खरं की खोटं हे तपासून बघावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांनी कळ दाबली. गोटूच्या बाबांना फोन लाव, म्हणाल्या. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की गोटूला फोन लावते आहे. तिकडून गोटूने तो कापला. कामात असेल लेकरू. मग मंगलाबाईंनी घरधन्याला लाव म्हणून पाहिलं, आंबे आणायला गेलेत त्यांना लाव, असंही सांगितलं. बाई प्रत्येक वेळी माफी मागायची. माफी मागून काय उपयोग, भवाने?

मग त्यांना एकदम सुचलं. उखाण्यात चालतं की! उखाण्यात घेतलेल्या नावाचा दोष लागत नाही. त्यांनी पदर सारखा केला, घरात कुणी नसताना उगीच लाजल्या, आणि फोन तोंडाजवळ धरून म्हणाल्या,

“तापीच्या काठी केळीचा मळा, प्रभाकररावांचं नाव घेते, फोन लाव बाळा.”

बाई जरा थांबली आणि केळीच्या लागवडीची माहिती सांगायला लागली. दोन रोपांत अंतर किती ठेवायचं, पाणी कधी सोडायचं. मंगलाबाईंना हसूच फुटलं. हे आले की आधी हे सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग घड्याळाकडे नजर गेली आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

त्या उठून देवासमोर गेल्या. माझं आयुष्य घे पण यांना सांभाळ, असं आधीच सांगून ठेवलं. कळ दाबली, डोळे मिटले आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, “प्रभाकर.”

लागला. एका झटक्यात लागला.

उचलला मात्र दुसऱ्याच कुणीतरी. मंडीच्या तोंडाशी उसाच्या रसाची गाडी लावतो, असं तो म्हणाला. चाचा त्याच्या गाडीसमोर येऊन बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. ऊन लागलं असेल. तोंडावर पाणी मारलं, पण डोळे उघडत नाहीत. अँब्युलन्सला सांगितलंय, अजून आलेली नाही.

“फोन लॉक था अम्मा, हमसे खुला ही नहीं. हम तो कब से देख रहे थे कि घर से किसी का फोन आए.”

तो ‘कब से’ म्हणाला ते मंगलाबाईंच्या कानात शिरलंच नाही. त्यांना एवढंच कळलं की इकडे आपण नाव घेतलं आणि तिकडे माणूस पडला. आपणच केलं हे. इतकी वर्षं जपलं आणि एका मशिनीसाठी घालवलं.

रसवाला भला माणूस होता. घरच्यांचा आवाज ऐकून कधी कधी माणूस शुद्धीवर येतो, असं त्याने समजावून सांगितलं.

“फोन इनके कान पे रखता हूँ. नाम लेके जोर से बुलाओ अम्मा.”

आधी मंडीचा गलका ऐकू आला. मग शर्टावर काहीतरी घासलं, आणि मग अगदी जवळ एक घरघरता श्वास. तो श्वास त्या ओळखत होत्या. रोज रात्री शेजारीच असायचा. आज तो मध्येच थांबत होता, आणि तो थांबला की मंगलाबाईंचाही थांबत होता.

“नाम लो अम्मा,” तो लांबून पुन्हा म्हणाला.

मंगलाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “चुकलं माझं. परत नाही घेणार. उठा आता, घरी या.”