ट्रामवाले अण्णा

मीनलने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि अण्णांच्या बायकोने, माईने, कपबश्या पुढे केल्या.

"मुंबईतल्या त्या जुन्या ट्राम डेपोचा इतिहास लिहितेय," मीनल म्हणाली. "पेपरात येईल अण्णा, तुमच्या नावासकट."

अंबरनाथच्या त्या आळीत त्यांना ट्रामवाले अण्णा म्हणूनच ओळखत. ट्राम बंद होऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी ओट्यावर बसल्या बसल्या अण्णा सगळ्यांना मुंबई फिरवून आणायचे. रुळावर कोणी आडवं आलं की पाय आपटून घंटा वाजवायचे. ऐकणारे घाबरून पाय मागे घ्यायचे. माईला नेमकी तेव्हाच भांडी घासायची आठवण व्हायची. कारण ट्राम चालवायचे ते दुसरे. अण्णा त्या धुवायचे.

आज पालेगावहून व्याही दौलतराव मुद्दाम आले होते. लेकीच्या सासरी अण्णांना जो काही मान होता, तो या ट्रामच्या जिवावर. आणि डेपोतले जुने सोबती बदलापूरला राहत होते, रोज पेपर वाचत होते. खोटं छापून आलं तर ते हसणार, खरं सांगितलं तर व्याही.

"कुठून कुठपर्यंत चालवायचात?" मीनलने विचारलं.

अण्णांनी फिरणाऱ्या टेपकडे पाहिलं. पाय उचलला आणि तसाच अलगद खाली ठेवला.

"बोला ना व्याही," दौलतराव म्हणाले. "आमच्या गावात सगल्यांना सांगलाय मी."

"मी..." अण्णा म्हणाले. "मी गाड्या धुवायचो, बाई. पाइप आणि ब्रश घेऊन."

दौलतरावांचा कप ओठांपाशीच थांबला. अण्णांची मान वर होईना.

माई पदराला हात पुसत पुढे आली.

"आणि चालवलीत ती? ती कोण सांगणार?"

"अगं, नको..."

"एकदा चालवली यांनी. डेपोच्या आतच, धुवायच्या जागेपासून शेडपर्यंत. नवीन लग्न झालेलं. मी डबा घेऊन गेले होते."

"रिकामीच ना?" मीनलने विचारलं.

माई टेपपाशी वाकली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, "रिकामी कशी? मी बसले होते की. खिडकीपाशी."

दौलतरावांनी कप खाली ठेवला.

"मंग घंटा वाजवली का नाय?"

अण्णांनी खालमानेनेच पाय आपटला.

दौलतरावांनी आपले पाय मागे घेतले.