आत्ताच डोळा लागलाय

"हाताची घडी घाला. अशी नाही हो बाबा, स्वतःलाच मिठी मारल्यासारखी. खांदे पुढे."

बाबांनी सदरा काढून ठेवला आणि स्टुलावर बसून स्वतःला मिठी मारली. पाठ रुंद झाली. लेकीने डाव्या हाताचं मधलं बोट त्या पाठीवर आडवं टेकवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोकलं.

डुम.

"कोण आहे?" बाबा म्हणाले.

"हलू नका."

डुम.

"साहेब घरात नाहीत. उद्या या."

मंगळवारी तिची डॉक्टरकीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. छातीत हवा आहे की आणखी काही, ते आवाजावरून ओळखायचं. सरांनी सगळ्या वर्गासमोर ऐकवलं होतं: बाई, दार वाजवताय की तोडताय? मनगटातून येऊ दे. तेव्हापासून वसतिगृहातली कपाटं, भिंती आणि मैत्रिणींच्या पाठी ठोकून झाल्या होत्या. आज तीन महिन्यांनी ती घरी आली होती. हा किस्सा ऐकून बाबा पोट धरून हसले होते, मात्र आवाज न करता.

आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तीन महिन्यांच्या बातम्या देत होती.

"समोरच्यांच्या सुनेला मुलगी झाली. वरच्यांचं कुत्रं गेलं."

"अरेरे. कशाने?"

"मेलं नाही गं. आम्हीच सांगितलं त्यांना, पाठवा कुठेतरी. फार भुंकायचं."

डुम उजवीकडे. डुम डावीकडे. बोट एक फासळी खाली.

"मिक्सर मावशीला देऊन टाकला. टोल्यांचं घड्याळही."

"का?"

"हवंय कशाला."

ती आली तेव्हा दारावरची बेलही वाजली नव्हती. खुर्च्यांच्या पायांना तिचेच जुने मोजे घातलेले होते. 'खुर्च्यांना थंडी वाजते वाटतं,' असं ती म्हणाली होती, आणि आई नुसती हसली होती.

डुम उजवीकडे.

ठप.

चुकलं असेल. तिने बोट नीट टेकवलं. उजवीकडे डुम. डावीकडे ठप. त्याखाली ठप. त्याच्याही खाली, दगडावर वाजवावं तसं, ठप. बाबा 'कोण आहे' म्हणतील म्हणून ती थांबली.

बाबांनी स्वतःला मारलेली मिठी आणखी आवळली.

"दम लागतो तुम्हाला?"

"जिना चढताना. या वयात सगळ्यांनाच लागतो."

"झोपता कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. उजवीकडे वळलं की..."

"वळलं की काय?"

"काही नाही गं."

आईच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल तसाच राहिला होता.

पुस्तकातलं हे पान तिला तोंडपाठ होतं. पाणी. आधी फोटो, मग सुई, मग बाटलीत काढलेलं ते पिवळं पाणी तपासायला. पाणी का होतं, त्याची कारणं. त्यातली दोन तिने मनातल्या मनातही म्हटली नाहीत.

"उद्या माझ्याबरोबर चला. पाणी झालंय इथे. कुठवर आहे, तेवढं बघते." आणि तिने जोरात ठोकलं, सर ज्यावरून ओरडले होते तसं, दार तोडल्यासारखं.

बाबांचं अंग आक्रसलं. "तिथे नको."

"दुखतं?"

"दुखत नाही." मान न वळवता ते अगदी हळू म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

आई उठली. अनवाणी गेली आणि काडीचाही आवाज न करता खिडकी लावून आली.

"सकाळपासून जागंच होतं," आई टॉवेलशी बोलल्यासारखी कुजबुजली. "तू येणार म्हणून आमचं बोलणं चाललं होतं ना. नाव ऐकलं वाटतं तुझं."

"आई, ते पाणी आहे!" ती ओरडली. आवाज फाटला. "पाणी! सुईने काढतात! मी स्वतः पाहिलंय!"

तिचा डावा हात अजून बाबांच्या पाठीवर होता.

हाताखाली काहीतरी सरकलं. श्वास नव्हता तो, श्वास बाबांनी रोखून धरला होता. मणक्याकडून बाहेरच्या बाजूला, सावकाश. झोपेत कूस बदलावी तसं. मग पुन्हा, या वेळी भराभर. बाबांच्या मानेवर घाम फुटला. ओठ निळसर दिसायला लागले.

"बघ, उठवलंस," आई म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. लेकीच्या हाताकडे बघत होती.

तिने हात उचलला. पुन्हा टेकवला, आता अख्खा तळवा. हळूच. मग पुन्हा. पुन्हा. आतलं ते घुटमळलं, मंदावलं, जड झालं. बाबांनी श्वास सोडला.

"उद्या," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला जेमतेम ऐकू आला. "उद्या पहिल्या गाडीने जायचं. नक्की."

"हो गं, उद्या," आई म्हणाली. पोरांची समजूत काढताना म्हणतात तसं. मग टॉवेलची घडी पुरी करून, कुजबुजतच, "तर काय सांगत होते, समोरच्यांची ती मुलगी, इतकी रडते बाई..."

लेक थोपटत राहिली.

"बघ," बाबा डोळे मिटून म्हणाले, "आलं की मनगटातून."