भुऱ्याची बिस्किटं

पक्षाघात झाल्यापासून निळकंठरावांचा उजवा हात मांडीवर मूठ मिटून पडलेला असे. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोपऱ्यात भिरकावला होता. “मी काय कुकुलं बाळ आहे?”

त्या सकाळी त्यांच्या पत्नीने, कुमुदताईंनी, नाचणीचं पीठ आणि उकडलेला भोपळा घातलेली परात त्यांच्यापुढे सरकवली. “बाजारच्या बिस्किटांनी भुऱ्याचं पोट बिघडतंय. घरीच करू या. माझं मनगट दुखतंय, तुम्ही मळा.”

त्यांचा म्हातारा कुत्रा भुऱ्या परातीशी नाक नेऊन बसला. त्याच्यापुढे निळकंठरावांना नाही म्हणवेना. पण एकट्या डाव्या हाताने पीठ मळेना, परातच फिरायला लागली. कुरकुरत त्यांनी उजवा हात उचलून पिठात ठेवला. बोटं आधी नुसतीच रुतली, मग हळूच हलली. कुमुदताईंनी ते पाहिलं आणि तवा तापवायला घेतला.

वेडीवाकडी बिस्किटं भाजून निवली, तेव्हा निळकंठरावांनी मूठ जमेल तेवढी उघडून एक बिस्कीट पुढे केलं. भुऱ्याने ते अलगद उचललं आणि नंतर रिकामा तळवा चाटत राहिला.

“एवढ्याशानं त्याचं काय होणार?” निळकंठराव म्हणाले. “उद्या पीठ जास्त घे.”