पंखा का फिरेना

बॅटरीवरून दोन वायरी थेट जोडल्या, तसा गाडीच्या रेडिएटरचा पंखा गर्रकन फिरला. म्हणजे मोटर धडधाकट होती. नरसिंहरावांनी वहीत मोटरपुढे बरोबरची खूण केली. फ्यूजपुढे ती गुरुवारीच झाली होती. नात रविवारी येणार असं मंगळवारी ठरलं आणि बुधवारपासून हा पंखा संपावर गेला. इंजिन तापून काटा लाल रेघेला टेकायचा, तरी पठ्ठ्या जागचा हलायचा नाही.

"अहो, मंजुनाथला हाक मारू का?" सत्यवतीबाईंनी विचारलं. त्या पायरीवर अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मंजुनाथ म्हणजे राजाजीनगरच्या त्यांच्या गल्लीतला मेकॅनिक.

"बेडा, नको! नवा पार्ट घालायचा नि जुना फेकायचा, याला का दुरुस्ती म्हणतात?"

राव टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. बिघाड सापडल्याशिवाय काही बदलायचं नाही, हा त्यांचा तिथला नेम. सत्यवतीबाई पलीकडच्या बाकावर रिले जुळवायच्या. रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान डबी. आतले दोन पॉइंट एकमेकांना टेकले की वीज पुढे जाते. जुळणी झाली की बायका त्या पॉइंटांमध्ये कागदाचा कपटा सरकवायच्या, तपासणीआधी कुणी चालवू नये म्हणून. राव रिले पास करून कपटा काढायचे. सत्यवतीबाईंच्या रिलेत खोट काढायला ते दोन वर्षं टपून बसले होते. सापडली नाही, तेव्हा निमूटपणे मागणी घातली.

आता प्रश्न उद्याचा होता. सर्जापूर रोडला राहणारा त्यांचा मुलगा सुमंत म्हणाला होता, अनुषाला टॅक्सीनं पाठवतो. रावांना ते फार लागलं. आठ वर्षांची नात आजोबांकडे टॅक्सीनं येणार? ती आजोबांच्याच गाडीतून येईल, तीही पुढच्या सीटवर बसून, असं त्यांनी मुलाला ठणकावलं होतं. शब्द दिला होता आणि तो पाळायचा होता.

गेल्या महिन्यात गाडी गेटच्या खांबाला घासली, तेव्हा राव दिवसभर खांबावर चिडले होते. यशवंतपूरच्या सिग्नलला एक हातगाडीवाला थोडक्यात वाचला. "आंधळा आहेस का?" असं यांनीच त्याला विचारलं. सत्यवतीबाईंनी तीनदा सांगून पाहिलं, डोळे दाखवून घ्या. त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. या डोळ्यांनी लाखभर रिले पास केलेत!

रावांनी रेडिएटरवरच्या स्विचची पिन काढली आणि दोन वायरी एकमेकींना जोडल्या. टक् करून गाडीतला रिले वाजला. पंखा ढिम्म. टेस्ट लॅम्प रिलेत येणाऱ्या वायरीवर पेटला, जाणाऱ्या वायरीवर पेटला नाही.

"सापडला चोर," ते म्हणाले. पण गंमत अशी, की हा चोर त्यांनी गुरुवारीच झडती घेऊन सोडला होता. रिले उघडून, भर उन्हात धरून पाहिला होता. पॉइंट स्वच्छ होते. आता त्यांनी पुन्हा टोपण काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. स्वच्छच.

सत्यवतीबाई उठल्या. शेंगांच्या पिशवीतून त्यांनी आपलं कारखान्यातलं जुनं भिंग काढलं. "स्वल्प यातून बघा."

"मला कशाला भिंग?"

"बघा तरी."

त्यांनी बघितलं. दोन पॉइंटांच्या मधोमध कागदाचा पांढरा कपटा होता. कापलेला अगदी सरळ, आणि एक कोपरा दुमडलेला. कपट्याचा कोपरा असा दुमडणारी अख्ख्या कारखान्यात एकच बाई होती.

रावांनी भिंग दूर केलं. कपटा दिसेना. भिंग धरलं, दिसला. त्यांनी तीनदा तसं करून पाहिलं. रागाचा शब्द जिभेवर आला होता, तो तिथेच राहिला. गुरुवारच्या त्या उन्हात हा कपटा असाच डोळ्यांसमोर होता. तो खांब जागचा हललेला नव्हता. हातगाडीवाल्याला रस्ता नीट दिसत होता. आणि उद्या पुढच्या सीटवर अनुषा बसणार होती.

"तोंडानं सांगितलेलं तुम्हाला कधी पटलंय?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "स्वतः शोधलेलं तेवढंच पटतं. उद्याच्या आत सापडू दे म्हणून चार दिवस देवाला विनवत होते हो मी."

रावांनी चिमटा होता तसाच पेटीत ठेवून रिलेला टोपण लावलं. रिले जागेवर बसवला, बॉनेट पाडलं. वही उघडून रिलेपुढेही बरोबरची खूण केली. गाडीची किल्ली त्यांनी बायकोच्या हातात दिली.

"सुमंतला फोन कर. अनुषाला टॅक्सीनं पाठव म्हणावं."

"सरी, करते." बाईंनी डोळे पुसले. "आणि तो कागद? काढलात ना?"

"राहू दे आत," नरसिंहराव म्हणाले. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तपासणी व्हायचीय अजून. माझी."